नोकरी सोडण्याचा हक्क



७ जानेवारी २००४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी व्हाइट हाउसमधून एक प्रस्ताव मांडला. अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहून काम करणाऱ्यांना तीन वर्षांचा परवाना द्यायचा, तो वाढवण्याची सोय ठेवायची आणि शेवटी त्यांनी मायदेशी परतायचं. ज्या मालकाला अमेरिकन माणूस मिळत नाही त्याला मजूर मिळेल, मजुराला लपून राहावं लागणार नाही आणि सरकारला कोण कुठे आहे हे कळेल. ऐकायला सगळ्यांच्या सोयीचं होतं. तरीही गेल्या वीस वर्षांत ही कल्पना वेगवेगळ्या रूपांत काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, आली आणि प्रत्येक वेळी अडली. अडवणाऱ्यांमध्ये स्थलांतराचे कट्टर विरोधक होते, तसेच कामगार संघटनांचे पुढारीही होते. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं या प्रश्नावर एकाच रांगेत उभी राहिली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उदाहरणं ऐकताना तुम्हाला ते पारखून घेता येईल. किती लोक आत घ्यायचे, किती वर्षं ठेवायचे, यावर या वादात सगळी ताकद खर्च होते. पण आलेल्या माणसाला एका मालकाची नोकरी सोडून दुसरी धरता येते का, या प्रश्नावर अशा योजनेचं बरंवाईट ठरतं. कागदपत्रं नसलेला मजूर तक्रार करत नाही, कारण पकडले जाऊ ही भीती असते. एका मालकाच्या नावावर बांधलेला परवानाधारक मजूरही तक्रार करत नाही, कारण नोकरी गेली की परवानाही जातो. दोघांचं गप्प बसणं सारखंच असेल, तर कागद हाती देऊन आपण नेमकं काय दिलं?

आता इतिहासाकडे वळू. अमेरिकेने हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात शेतावरची माणसं सैन्यात आणि कारखान्यांत गेली. तेव्हा ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला. त्यातून आलेल्या मजुरांना ब्रासेरो म्हणत. युद्ध संपलं तरी योजना संपली नाही. ती १९६४ अखेरपर्यंत चालली आणि त्या बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले. एकच माणूस पुन्हा पुन्हा येई, त्यामुळे माणसांची संख्या याहून कमी होती.

कागदावर हा करार उत्तम होता. तासाला किमान ३० सेंट मजुरी, फुकट निवारा, परतीचं भाडं आणि कराराच्या मुदतीतल्या तीन चतुर्थांश दिवसांच्या कामाची हमी. त्या काळच्या अमेरिकन शेतमजुरालाही एवढं संरक्षण नव्हतं. १९३५ च्या कामगार संबंध कायद्याने शेतमजुरांना वगळलंच होतं. पण कराराचा कागद इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये छापलेला असला, तरी त्याची अंमलबजावणी करणार कोण? भरती केंद्रावर माणसांचे हात तपासत. घट्टे असले तर खरा शेतकरी. कपडे उतरवून अंगावर डीडीटी फवारत. मग शेतमालकांच्या संघटनेकडे रवानगी व्हायची. तिथे मजुरी कापली, जेवण वाईट मिळालं, तर बोलायची सोय नव्हती. बोलणाऱ्याचा करार संपवून त्याला बसमध्ये बसवणं सोपं होतं. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के कापून मेक्सिकोतल्या बँकांत बचत म्हणून पाठवले जात. त्यातले बरेच पैसे मजुरांच्या हाती कधी पडलेच नाहीत. म्हातारे झालेले ब्रासेरो त्यासाठी अमेरिकेच्या न्यायालयात गेले आणि २००८ साली झालेल्या तडजोडीत प्रत्येकी सुमारे ३,५०० डॉलर देण्याचं ठरलं. साठ वर्षांनी.

बिनकागदपत्रांच्या मजुरांचं काय झालं, हे इथे विशेष पाहण्यासारखं आहे. टेक्सासमध्ये मेक्सिकन लोकांना मिळणाऱ्या वागणुकीमुळे मेक्सिकोने सुरुवातीला त्या राज्यात मजूर पाठवायला नकार दिला होता. टेक्सासच्या शेतमालकांनी सीमेवरची नदी ओलांडून येणाऱ्यांना कामाला लावलं. मग सरकारने युक्ती काढली. आधीच देशात असलेल्या या माणसांना सीमेपर्यंत न्यायचं, कागद करायचे आणि त्याच शेतावर परत आणायचं. १९४७ ते १९४९ या काळात मेक्सिकोतून नव्याने आणलेल्या मजुरांपेक्षा असे कागद करून दिलेले मजूर जवळजवळ दुप्पट होते. बुश यांच्या प्रस्तावातली कल्पना तेव्हाच अमलात आलेली होती. सर्वांत सोपी भरती कोणती? जो आधीच कामावर आहे त्याची. आणि मग कागद हवे असतील तर आधी बेकायदा यावं, असा धडा गावोगाव पोचला.

तरी समर्थकांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९५४ मध्ये सरकारने मोठी धरपकड केली आणि त्याच वेळी ब्रासेरो करारांची संख्या वाढवली. १९५६ मध्ये ती साडेचार लाखांच्या जवळ गेली. सीमेवर पकडल्या जाणाऱ्यांची संख्या दहा लाखांवरून एक लाखाच्या खाली आली आणि काही वर्षं तिथेच राहिली. योजना बंद झाल्यावर ती पुन्हा चढत गेली. कायदेशीर वाट उघडी असेल तर माणसं चोरवाट कमी धरतात, हा युक्तिवाद यातूनच येतो आणि तो खोटा नाही. पण ती वाट कशी होती, हे १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियात चुआलारजवळ दिसलं. बस म्हणून वापरात आणलेल्या मालट्रकमधून मजूर शेतावरून परतत होते. रेल्वेच्या फाटकावर गाडीने ट्रकला धडक दिली आणि ३२ जण मेले. एर्नेस्तो गालार्सा हे कामगार नेते आणि अभ्यासक या योजनेविरुद्ध वर्षानुवर्षं लिहीत होते. या अपघातानंतर त्यांचं म्हणणं वॉशिंग्टनमध्ये ऐकू जाऊ लागलं.

योजना बंद करणाऱ्यांची आशा अशी होती की परदेशी मजूर गेला की देशी मजुराची मजुरी वाढेल. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुइस आणि हॅना पोस्टेल या अभ्यासकांनी २०१८ मध्ये राज्यवार आकडे तपासले. ब्रासेरोंवर जास्त अवलंबून असलेल्या राज्यांतली मजुरी इतर राज्यांपेक्षा वेगाने वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. मालकांनी यंत्रं आणली, पिकं बदलली. कॅलिफोर्नियातली टोमॅटो तोडणी यंत्रावर गेली ती याच काळात. पण दुसरीही एक घटना लक्षात ठेवा. योजना संपून नऊ महिनेही झाले नव्हते तोच, सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला आणि शेतमजुरांचे नेते सेसार चावेस यांची संघटना त्यात उतरली. संप मोडायला रातोरात बसभर ब्रासेरो आणण्याची सोय मालकांपाशी उरली नव्हती. माणसं कमी झाल्याने मजुरी आपोआप वाढली नाही. मजुरांना एकत्र उभं राहता आलं तेव्हा काही हलू लागलं.

पुढचा टप्पा १९८६ चा. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला आणि बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकाला दंड करायचं ठरलं. दंडाची तरतूद पोकळ निघाली. मजुराने दाखवलेला कागद वरवर खरा वाटला की मालकाचं काम संपलं. खोटे कागद बनवणाऱ्यांचा धंदा तेजीत आला आणि २००७ पर्यंत बिनकागदपत्रांच्या लोकांची संख्या अंदाजे १ कोटी २० लाखांवर गेली. 'एकदा माफी दिली, पुन्हा नाही,' हा विरोधकांचा सूर या अनुभवातून आलेला आहे. त्याला नुसता द्वेष म्हणून बाजूला सारता येत नाही.

या पार्श्वभूमीवर २००७ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलणारं विधेयक सिनेटमध्ये आलं. त्यातला नवा मजूर दोन वर्षं काम करणार, एक वर्ष घरी जाणार, मग पुन्हा दोन वर्षं, असं तीन वेळा. कुठल्या संसारी माणसाला हे झेपेल? सुरुवातीचा चार लाखांचा वार्षिक आकडा सिनेटने निम्म्यावर आणला. मग डोर्गन नावाच्या डेमोक्रॅट सिनेटरने ही योजना पाच वर्षांनी आपोआप बंद व्हावी अशी दुरुस्ती आणली. ४९ विरुद्ध ४८ मतांनी ती मंजूर झाली. बाजूने मत देणाऱ्यांत बराक ओबामा होते आणि सगळं विधेयकच पाडू पाहणारे काही रिपब्लिकनही होते. चर्चा संपवून मतदानाकडे जायला ६० मतं लागतात. २८ जूनला ४६ पडली. विधेयक संपलं.

नेमक्या त्याच काळात मिसिसिपीतल्या पास्कागूला बंदरात काय चाललं होतं, ते आपल्या जवळचं आहे. कत्रिना वादळानंतर समुद्रातल्या तेल-मंचांची दुरुस्ती करणाऱ्या सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइप फिटर हंगामी व्हिसावर नेले. त्यांची भरती करणाऱ्यांमध्ये मुंबईतली एक कचेरी होती. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळेल असं सांगून प्रत्येकाकडून दहा ते वीस हजार डॉलर घेतले होते. जमिनी गहाण पडल्या, दागिने गेले. तिथे गेल्यावर एकेका खोलीत चोवीसपर्यंत माणसं राहत आणि त्या खाटेसाठी महिन्याला सुमारे १,०५० डॉलर पगारातून कापले जात. आपल्याकडचा ऊसतोड मजूर उचल घेऊन मुकादमाशी बांधला जातो, तसे हे कर्ज काढून मालकाशी बांधले गेले. व्हिसा त्या कंपनीपुरताच होता. तक्रार केली की परतीचं विमान, आणि परतलं की दारात सावकार. मार्च २००८ मध्ये त्यांनी काम सोडलं, वॉशिंग्टनपर्यंत मोर्चा नेला, उपोषण केलं. २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पहिल्या पाच कामगारांना १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई दिली. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि उरलेल्या दाव्यांत तडजोड झाली. हे सगळे कायदेशीर व्हिसावर आलेले होते, हे विसरू नका.

आता समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या मुला-मुलींचा विषय. एच-वन-बी व्हिसासुद्धा तात्पुरत्या परदेशी कामगाराचाच व्हिसा आहे. तोही मालकाच्या अर्जावर मिळतो. पण २००० साली अमेरिकेने एक कायदा केला. नव्या मालकाने अर्ज दाखल केला की एच-वन-बीवाला मंजुरीची वाट न पाहता नव्या नोकरीवर रुजू होऊ शकतो. हैदराबादच्या आणि पुण्याच्या इंजिनियरांनी त्या जोरावर पगार वाढवून घेतले, शहरं बदलली. ग्रीन कार्डाची रांग आजही त्यांचा जीव काढते, मालकावर अवलंबून राहणं पूर्ण सुटलेलं नाही, हे खरं. तरीही दार थोडं उघडलं. स्ट्रॉबेरी आणि लेट्यूस तोडणाऱ्यांच्या एच-टू-ए व्हिसाला तशी सवलत कायमची मिळायला जानेवारी २०२५ उजाडावं लागलं. तिथेही अडचण आहेच. नवा मालक याच योजनेत मान्यता घेतलेला हवा. राहण्याची खोली जुन्या मालकाची, गाडी त्याची, गाव लांब. नियमाने दिलेली मोकळीक रानात राहणाऱ्या माणसाने कशी वापरायची?

आणि ही योजना किरकोळ राहिलेली नाही. २००५ मध्ये एच-टू-एच्या सुमारे ४८ हजार जागांना मंजुरी मिळाली होती, २०२३ मध्ये तो आकडा पावणेचार लाखांच्या वर होता. काँग्रेसमध्ये वाद अडलेला असताना शेतमालकांनी जुन्याच दारातून वाट रुंद करून घेतली. तरीही शेतावरच्या मजुरांपैकी जवळपास ४० टक्के आजही कागदपत्रांशिवाय आहेत.

शेतमालकाची बाजू ऐकायला हवी. तो म्हणतो, मजुराचं येण्या-जाण्याचं भाडं मी देतो, खोली मी देतो, आणि ऐन तोडणीच्या आठवड्यात तो शेजाऱ्याकडे दोन डॉलर जास्त मिळतात म्हणून गेला तर माझं पीक कोण काढणार? गाऱ्हाणं खरं आहे आणि त्यावर उपायही सुचलेला आहे. २०१३ च्या सिनेट विधेयकात शेतमजुरांसाठी दोन वाटा होत्या. एक, एका मालकाशी करार करून यायचं. दुसरी, नोंदणी केलेल्या शेतमालकांमध्ये हवं तिकडे काम करायचं. आधीच देशात असलेल्या शेतमजुरांना वेगळं कार्ड आणि पुढे नागरिकत्वाचा मार्ग होता. शेतमालक आणि चावेस यांनी उभारलेली संघटना, दोघांनी बसून हे ठरवलं होतं. सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. खालच्या सभागृहात ते कधी मतदानाला आलंच नाही. म्हणजे तोडगा सापडत नाही म्हणून हा प्रश्न अडलेला नाही. बोलायचं धाडस नसलेला मजूर स्वस्त पडतो, ही सवय त्याच्या आड येते.

शेवटचा मुद्दा आपल्यासाठी. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. इस्रायलच्या बांधकामांवरही आपल्याकडून कामगार गेले आहेत. अशा करारांच्या बातम्यांत आकडा मोठ्या अक्षरांत असतो. किती हजार जागा, महिन्याला किती लाख पगार. आपल्या घरचं कोणी निघालं असेल, तर आकड्यापुढे जाऊन दोन गोष्टी विचारा. भरतीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? आणि नोकरी वाईट निघाली तर त्याच देशात राहून दुसरी धरता येते का? दोन्ही उत्तरं समाधानकारक असली, तर तात्पुरत्या मजुरीतही माणसाची मान ताठ राहू शकते. नसली, तर पासपोर्टावर कितीही सुबक शिक्का असो, त्याची स्थिती शेतात लपलेल्या बिनकागदपत्रांच्या मजुराहून फार वेगळी नसेल. अमेरिकेच्या ऐंशी वर्षांच्या या वादातून मी एवढंच शिकलो, आणि ते आपल्याही कामाचं आहे असं मला वाटतं.