नाताळबाबा आणि मुलांचा प्रश्न



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी ख्रिस्तसभेच्या थोर कार्याविषयी बोलण्यास अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही एका लहानशा, परंतु घरोघरी उद्भवणाऱ्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. नाताळच्या रात्री उशाशी भेट ठेवून जाणारा नाताळबाबा खरोखर आहे काय, असे मुलाने विचारिले असता आईबापांनी काय सांगावे, हा तो प्रश्न होय.

प्रथम या दात्याचे मूळ पाहू. संत निकोलस हे चौथ्या शतकात आशिया मायनरमधील मायरा नगरीचे बिशप होते. तो प्रदेश आज तुर्कस्तानात मोडतो. परंपरागत कथा अशी की, एका दरिद्री गृहस्थास तीन उपवर कन्या होत्या. हुंड्यावाचून त्यांचे विवाह जमेनात, तेव्हा त्यांना पापमार्गास लावण्याचा विचार त्या हताश बापाच्या मनात आला. निकोलसांनी रात्रीच्या वेळी त्याच्या खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकिली. असे तीनदा घडले. तिसऱ्या खेपेस बापाने पाळत ठेवून दात्यास गाठले, तेव्हा ही गोष्ट कोणास न सांगण्याचे वचन निकोलसांनी त्याच्याकडून घेतले. हुंड्यापायी लागणारा घोर आपल्या देशास अपरिचित नाही. म्हणून ही कथा आपणांस परकी वाटू नये.

पुढे देशोदेशी या दात्याने निरनिराळी रूपे घेतली. हॉलंडात ६ डिसेंबरच्या त्यांच्या सणाआधी मुले शेगडीपाशी जोडा मांडून त्यात त्यांच्या घोड्यासाठी गाजर ठेवितात. सोळाव्या शतकात ज्या सुधारकांनी संतांची भक्ती त्याज्य मानिली, त्यांच्या मुलखांत भेटी देण्याचा मान बाळ येशूकडे गेला. आणि नवल हे की, आज दक्षिण जर्मनी व ऑस्ट्रिया या कॅथलिक प्रदेशांतच ते ‘ख्रिस्तबाळ’ अधिक नांदते. स्पेनमध्ये ५ जानेवारीच्या रात्री तीन राजे येतात व त्यांच्या उंटांसाठी मुले पाणी ठेवितात. इटलीत त्याच रात्री बेफाना नावाची म्हातारी केरसुणीवर बसून येते. राजांनी तिला बाळाच्या दर्शनास चल म्हटले, पण ती झाडलोटीत गुंतली होती. मागाहून पस्तावून ती आजही घरोघर त्या बाळास शोधीत फिरते, अशी तिची कथा आहे.

अमेरिकेत हॉलंडच्या वसाहतकारांचा ‘सिंटरक्लास’ हा ‘सांताक्लॉस’ झाला. १८२३ साली ट्रॉय येथील वृत्तपत्रात निघालेल्या एका कवितेने त्याच्या गाडीस आठ रेनडियर जोडिले. १८६३ पासून चित्रकार टॉमस नॅस्ट यांनी त्यास गुबगुबीत देह दिला. १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी ते रूप दूरवर पोचविले. या प्रवासात बिशपांचा मुकुट व धर्मदंड मात्र गळून पडला.

याचा संताप येऊन फ्रान्समधील दिजाँ नगरीत २३ डिसेंबर १९५१ रोजी कॅथीड्रलसमोर, धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलांदेखत, नाताळबाबाची प्रतिमा जाळण्यात आली. दुसऱ्याच दिवशी तो नगरभवनाच्या छपरावर पुन्हा प्रकट झाला! आम्हांस हा मार्ग रुचत नाही. ज्याच्यावर मूल प्रेम करिते, त्याची होळी पाहून ते भक्ती शिकत नसते.

मग मुलांस खोटे सांगावे काय? संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयी दोन ग्रंथ लिहिले व चांगल्या हेतूचे असत्यही निषिद्ध मानिले. तथापि थट्टाविनोद असत्यात मोडत नाही, हेही त्यांनीच म्हटले. तेव्हा जोवर मूल खेळते, तोवर आपणही खेळावे. ज्या दिवशी ते गंभीरपणे विचारील, त्या दिवशी खेळ संपला असे समजून सत्य सांगावे. शपथा घेऊन त्याचा समज लांबविल्यास, ज्या मुखाने आपण त्यास प्रार्थना शिकविली, त्या मुखावरचाच त्याचा विश्वास डळमळेल.

परंतु याहून मोठा अनर्थ दुसराच आहे. “शहाणा राहशील तर नाताळबाबा देईल” असे आपण सहज म्हणतो. त्याच आळीत एका मुलास सायकल मिळते व शेजारच्या गरिबाच्या मुलास दोन लिमलेटच्या गोळ्या. तो बिचारा काय समजेल? आपल्या बापाची मिळकत तोकडी, हे त्यास ठाऊक नसते; आपणच कमी चांगले आहो, एवढेच त्याच्या मनात ठसेल. जो संत दरिद्र्याच्या खिडकीपाशी गेला, त्याच्याच नावाने दरिद्र्याच्या लेकराचा असा अपमान व्हावा, हे आपणांस शोभते काय? म्हणून आमची विनंती की, भेटीस बक्षीस करू नये, आणि मोठी देणगी द्यावयाची असल्यास ती आईबापांनी आपल्या नावाने द्यावी.

आणि सत्य सांगितल्यावर मुलाच्या हाती काय उरावे? गोव्यात ६ जानेवारीस याचे सुंदर उत्तर दृष्टीस पडते. रेइश मागुश, चांदोर व कासावली या ठिकाणी लहान मुलगे राजांचा वेश करून घोड्यांवर बसतात व बाळ येशूच्या दर्शनास निघतात. तेथे भेट घेणारे मूलच भेट आणणारा राजा होते. आपल्या घरीही तसेच घडावे. “आजवर तुला गुप्तपणे मिळाले, आता तू गुप्तपणे दे,” असे म्हणून संत निकोलसांची कथा मुलास सांगावी, व गावातील एखाद्या वृद्धेच्या, रोग्याच्या अथवा गरजू सवंगड्याच्या दारी, कोणी न पाहता, त्याच्या हातून काही ठेववावे. ज्याने असे एकदा केले, त्यास नाताळबाबा गमावल्याचे दुःख फार काळ राहणार नाही.

आपल्या धर्मग्रामाची जी वर्षे आज आपण मोजितो, त्यांतही नाव न सांगता दिलेल्या देणग्या कितीतरी असतील. कोणी दगड दिला, कोणी तेल दिले, कोणी केवळ घाम गाळिला. त्या अज्ञात दात्यांच्या पंक्तीत आपली मुले बसोत, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.