विद्यार्थ्यानें लॅपटॉप कसा निवडावा?

मी रायगडाच्या पायथ्याशीं, पाचाड गांवीं राहणारा एक निवृत्त शाळामास्तर आहें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संगणकशास्त्राचा पंडित म्हणून आपणापुढें बोलण्याचा माझा मुळींच आव नाहीं. पाटी, पेन्सिल आणि खडू यांच्या संगतींत ज्याची उभी हयात गेली, त्यानें लॅपटॉपविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु साधी पाटी घेतांना देखील आम्ही ती बोटानें वाजवून पाहत असूं. तिला तडा गेला आहे कीं काय, तें आवाजावरून कळे. चाळीस-पन्नास हजारांची वस्तु घेतांना मात्र शहाणीं माणसेंहि ती वाजवून पाहत नाहींत. अशा शहाण्यांत मी स्वतः एकदां होतों, हें आरंभींच कबूल करतों.

२०१४ सालीं माझा धाकटा मुलगा महाडास वाणिज्य शाखेच्या वर्गांत दाखल झाला. त्याच्यासाठीं लॅपटॉप घ्यावयास मी एका दुकानांत गेलों. दुकानदार मोठा गोडबोल्या होता. “गुरुजी, एकदांच घ्यावयाचा, तर सर्वांत भारी घ्या,” असें तो म्हणाला, आणि मीं तसा घेतला. त्याच्या कळांखालीं तांबडे दिवे लागत. तें यंत्र मुख्यतः खेळ खेळणाऱ्यांसाठीं बनविलेलें होतें, हें मला मागाहून कळलें. वजन पावणेतीन किलो, चार्जर वेगळा. बॅटरी दीड तासांत धापा टाकी. मुलाचें काम काय, तर जमाखर्चाचीं कोष्टकें मांडणें आणि टिपणें लिहिणें! एस.टी.च्या गर्दींत तें ओझें चार महिने वाहून तो कंटाळला, आणि दिवाळीनंतर तें यंत्र घरच्या मेजावर जें बसलें, तें तेथेंच राहिलें. तांबड्या दिव्यांच्या आराशीला मीं माझा दीड महिन्याचा पगार मोजला होता.

हा प्रसंग मला गेल्या पावसाळ्यांत पुन्हां आठवला. आमच्या गांवांतील एक गृहस्थ गडाच्या वाटेवर ताक विकतात. गोठ्यांत दोन म्हशी. त्यांच्या दुधावर आणि गड चढणाऱ्यांच्या तहानेवर संसार चाललेला. त्यांच्या मुलीला लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठांत स्थापत्य शाखेला प्रवेश मिळाला. सारें गांव आनंदलें. दुसऱ्याच दिवशीं ते गृहस्थ माझ्या ओटीवर येऊन बसले.

“गुरुजी, दोन्ही म्हशी विकतों. पोरीला लॅपटॉप घ्यायचा. दुकानदार म्हणतो, इंजिनिअरला पाऊण लाखाच्या खालचा चालत नाहीं.”

“मुलीला विचारलेंत काय?”

“तिला काय विचारायचें, गुरुजी? तिनें असलें यंत्र हाताळलें आहे कुठें?”

मुलगी दारांत उभी होती. चौथीपर्यंत ती माझ्याच हाताखालीं शिकलेली. उदाहरण चुकलें तर कोणी सांगण्यापूर्वींच खोडून पुन्हां मांडणारी. मीं तिला एक कोरा कागद दिला आणि म्हणालों, “तूं अजून दुकानांत जाऊं नकोस. आधीं वरच्या वर्गांतील मुलींना आणि शिकविणाऱ्यांना भेट. सोमवारपासून रविवारपर्यंत या यंत्रावर कोणतें काम करावें लागेल, कोठें बसून करावें लागेल, आणि तेथें वीज असेल कीं नाहीं, एवढें लिहून आण.”

आठ-दहा दिवसांनीं ती कागद घेऊन आली. त्यावर सहा ओळी होत्या. रोजचें लेखन, वाचन आणि प्रात्यक्षिकांचे अहवाल. आराखडे काढणें, तेहि आरंभीं बहुतेक सपाट कागदावरच्यासारखे, आणि फार अवजड काम पडल्यास कॉलेजचा संगणककक्ष आहेच. शनिवारीं घरीं येणें, रविवारीं परत जाणें, म्हणजे एस.टी.चा प्रवास. पावसाळ्यांत घरीं वीज जाते. यंत्र चार वर्षें टिकलें पाहिजे. आणि शेवटची ओळ: बाबांचे अर्ज मराठींत लिहिणें.

श्रोतेहो, लॅपटॉपची निवड येथेंच अर्धीअधिक झाली होती. उरलेली अर्धी कशी करावी, तें आतां क्रमानें सांगतों.

लॅपटॉपच्या पोटांत तीन गोष्टी मुख्य असतात. प्रोसेसर हा वर्गांतील मास्तर समजा. रॅम म्हणजे फळा. आणि एस.एस.डी. म्हणजे विद्यार्थ्याची वही. फळ्यावर चालू तासाचें काम असतें. यंत्र बंद झालें कीं तें पुसलें जातें. वहींत लिहिलेलें मात्र राहतें. आतां मास्तर कितीहि हुशार असला, तरी फळा वीतभर असेल तर त्याचा निम्मा वेळ पुसण्यांतच जाईल. म्हणून महाग प्रोसेसर आणि तुटपुंजी रॅम ही जोडी टाळावी. कला आणि वाणिज्य शाखेच्या लेखन-वाचनाला ८ जी.बी. रॅम पुरते, आराखडे काढणाऱ्याला किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्याला १६ जी.बी. असावी. पुष्कळ नव्या यंत्रांत रॅम पटावरच डाखलेली असते आणि मागाहून वाढवितां येत नाहीं. तेव्हां “पुढें वाढवितां येईल काय?” हा प्रश्न विकत घेण्यापूर्वींच विचारावा.

वहीविषयीं एकच सांगणें. जुन्या हार्ड डिस्कमध्यें फिरती तबकडी असे, एस.एस.डी.मध्यें फिरणारा भागच नसतो. ती वेगवान तर आहेच, पण आमच्याकडील रस्त्यांवर एस.टी. जे हिसके देते, तेहि ती सोसते. ५१२ जी.बी.ची एस.एस.डी. सामान्य विद्यार्थ्याला पुष्कळ झाली. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हें त्रिमिति आराखडे, चित्रपटांचें संकलन आणि खेळ यांसाठीं उपयोगी. त्यानें किंमत वाढते, वजन वाढतें, उष्णता वाढते, आणि बॅटरी लवकर संपते. ज्याला त्याचें काम नाहीं, त्यानें तें घेऊं नये.

बॅटरीच्या बाबतींत दुकानदार “दहा तास चालते” असें सहज सांगतो. त्यावर विसंबूं नये. चौथीचा भागाकार करावा. बॅटरीचें माप वॅट-तासांत दिलेलें असतें. ५० वॅट-तासांची बॅटरी असेल आणि लिहिता-वाचतांना यंत्र १० वॅट खात असेल, तर ५ तास मिळतील. तेंच यंत्र अवजड कामांत ५० वॅट खाऊं लागलें, तर एका तासांत कारभार आटोपला! शिवाय वापरानें आणि उष्णतेनें बॅटरीची शक्ति वर्षागणिक घटत जाते, तेंहि हिशेबांत धरावें. पुष्कळ यंत्रांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असते; यंत्र सदैव विजेला लावून ठेवणाऱ्यानें ती अवश्य वापरावी.

वजनाचें म्हणाल, तर १९८१ सालीं अमेरिकेंत ऑस्बोर्न-१ नांवाचा वाहून नेण्याजोगा संगणक विक्रीस आला. त्याचें वजन ११ किलोंच्या आसपास होतें, आणि त्यांत बॅटरीहि नव्हती! आज दीड किलोचें यंत्र सहज मिळतें. रोज दप्तरांतून नेणाऱ्याला १४ इंची पडदा आणि दीड किलो वजन हें माप बरें. वसतिगृहांत एकाच मेजावर ठेवणाऱ्याला मोठा पडदा चालेल. कळफलकावर दहा ओळी स्वतः लिहून पाहाव्या, आणि पडदा उजेडांत धरून पाहावा. पाटी वाजवून घेणें तें हेंच.

नंतर सॉफ्टवेअर. कॉलेजांत कोणतें लागतें, तें आधीं विचारावें. सॉलिडवर्क्ससारखीं कांहीं अभियांत्रिकी सॉफ्टवेअरें विंडोजवरच चालतात. तेव्हां केवळ देखणा दिसतो म्हणून अ‍ॅपलचा मॅक घेणारा पुढें अडेल. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शिक्षणासाठीं विनामूल्य मिळतें. लेखन आणि कोष्टकें यांसाठीं लिबरऑफिस सर्वांनाच फुकट आहे. असें असतां “सर्व सॉफ्टवेअर भरून देतों” म्हणणाऱ्याकडून चोरीच्या प्रती घेण्याचें कारणच काय? त्यांतून विषाणु शिरतात, आणि मुलाच्या शिक्षणाचा आरंभ अप्रामाणिकपणानें होतो. मराठी लिहिण्यासाठीं इन्स्क्रिप्ट हा कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोहोंत अंगचाच असतो. आठवडाभर सराव केला कीं हात बसतो.

ज्यांची ऐपत कमी, त्यांनीं जुना लॅपटॉप घेण्यांत कमीपणा मानूं नये. मात्र एक खबरदारी घ्यावी. विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविला. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचीं बहुतेक यंत्रें विंडोज ११ ला ग्राह्य नाहींत. असें यंत्र स्वस्त मिळाल्यास त्यावर उबंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली घालून लेखन-वाचन उत्तम करतां येतें. परंतु ज्याचें सॉफ्टवेअर विंडोजवांचून चालत नाहीं, त्यानें त्या वाटेस जाऊं नये.

आतां पैशाची गोष्ट. “बिनव्याजी हप्ते” या पाटीनें पुष्कळांना भुरळ पडते. शून्य टक्के व्याज अशी कांहीं वस्तुच नसते, असें रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालींच बँकांना बजावलें आहे. तें व्याज कधीं किंमतींत, कधीं प्रक्रिया-शुल्कांत, तर कधीं सोडलेल्या सवलतींत दडलेलें असतें. म्हणून दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडावे: रोख घेतल्यास किती, आणि सर्व हप्ते मिळून किती. जी.एस.टी.सह पक्कें बिल घ्यावें, आणि त्यावर यंत्राचा क्रमांक लिहिला आहे कीं नाहीं तें तेथल्या तेथें ताडून पाहावें. हमी किती वर्षांची, तींत पडझड आणि पाणी यांचें नुकसान धरलें आहे काय, आणि दुरुस्तीचें ठिकाण आपल्या घरापासून किती दूर, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊं नयेत. एवढें करूनहि फसगत झाली, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे.

पाण्याचें नांव काढलें म्हणून आणखी एक गोष्ट सांगतों. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरांत महाड बुडालें, तें आम्हां तालुक्यांतल्या लोकांना जन्मांत विसरतां येणार नाहीं. घरांतील कागदपत्रें, पुस्तकें, यंत्रें, सर्व चिखलांत गेलें. यंत्र पुन्हां विकत घेतां येतें. चार वर्षांचें लिहिलेलें पुन्हां विकत मिळत नाहीं. म्हणून आपल्या कामाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा इंटरनेटवरील साठवणींत दर आठवड्यास ठेवावी. आमच्या कोंकणी हवेंत यंत्र दमट भिंतीशीं किंवा बंद पिशवींत महिनोन्‌महिने ठेवूं नये, हेंहि लक्षांत असावें.

त्या मुलीचें पुढें काय झालें, तें आपणांस ऐकावयाचें असेल. कागद घेऊन बापलेक तीन दुकानें फिरलीं. पहिल्या दुकानदारानें पुन्हां पाऊण लाखाचें यंत्र पुढें केलें. मुलीनें विचारलें, “याच्या बॅटरीचे वॅट-तास किती?” त्याला तें चटकन सांगतां येईना. शेवटीं त्यांनीं १६ जी.बी. रॅम, ५१२ जी.बी. एस.एस.डी. आणि १४ इंची पडदा असलेलें, दीड किलोहून हलकें एक यंत्र ४७,००० रुपयांस घेतलें. त्यासाठीं एक म्हैस गेली. दुसरी गोठ्यांत राहिली, आणि तिच्या ताकावर मुलीच्या वसतिगृहाचा खर्च आज निघतो आहे. दोन्ही गेल्या असत्या, तर घरांत पाऊण लाखाचें यंत्र आलें असतें, आणि खानावळीचे पैसे कोठून आणावे हा प्रश्न दुसऱ्या महिन्यांतच उभा राहिला असता.

मध्यंतरीं एका शनिवारीं रात्रीं मी त्यांच्या घरीं गेलों होतों. पावसानें वीज गेलेली. ती मुलगी ओटीवर बसून आराखडा काढीत होती, आणि तिचे वडील, ज्यांनीं तिला विचारण्याची गरज मानली नव्हती ते, शेजारीं बसून भिंतीची जाडी किती धरलीस, म्हणून तिला विचारीत होते.

श्रोतेहो, आपल्याहि घरांतून कोणी मुलगा किंवा मुलगी यंदा कॉलेजांत जात असेल. दुकानांत जाण्यापूर्वीं एक कोरा कागद त्याच्या किंवा तिच्या हातीं द्या, आणि त्याच्यावर काय लिहून येतें तें शांतपणें वाचा. मग खुशाल दुकानाची पायरी चढा.