जुनं कपाट, नवा बार

घरात बार असावा की नसावा, हा वाद मी आज घालणार नाही. तो ज्याच्या त्याच्या घरी, बहुधा स्वयंपाकघरात, आधीच मिटलेला असतो. जुनं फर्निचर दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे माझ्याकडे येतात ती निर्णय झालेली माणसं. "आम्हाला अँटिक बार हवाय," असं म्हणतात आणि मोबाइलवरचं एक चित्र दाखवतात. चित्र साधारण लंडनमधल्या एखाद्या दिवाणखान्याचं असतं.

आधी 'अँटिक' या शब्दाविषयी. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात सर्वसाधारण वस्तूंसाठी शंभर वर्षांची अट आहे. त्या हिशेबाने १९३० च्या दशकातलं कपाट आजही अँटिक ठरत नाही. ते 'व्हिंटेज', म्हणजे साध्या मराठीत जुनं. दुकानदार दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात आणि किंमत मात्र पहिल्या शब्दाची सांगतात.

खास बार म्हणून बनवलेलं जुनं फर्निचर आपल्याकडे मुळात थोडं. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलसमोरच्या आर्ट डेको इमारती उभ्या राहत होत्या, त्या काळात कॉकटेल कॅबिनेटची फॅशन होती. अर्धगोल दारं, आत आरसे, दार उघडलं की लागणारा दिवा. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि पुढची काही वर्षं बार दिवाणखान्यात मिरवण्याची सोयच उरली नाही. त्यामुळे चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात 'जुना बार' म्हणून जे दिसतं, ते बहुतेक वेळा पूर्वाश्रमीचं काहीतरी वेगळं असतं. भांड्यांचं कपाट, ड्रेसिंग टेबल, नाहीतर रेडिओग्राम.

यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. बदल केलेल्या कपाटाला अस्सल कपाटाची किंमत मोजली, तर फसवणूक. म्हणून पुढून बघू नका, मागून बघा. कपाट भिंतीपासून ओढायला सांगा. पाठीला नवा प्लायवूड आहे का? फळीच्या कापलेल्या कडेचा रंग आतल्या बाकीच्या लाकडापेक्षा उजळ आहे का? बिजागरीच्या शेजारी जुन्या बिजागरीची बुजवलेली भोकं आहेत का? स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचा असू शकत नाही. एखादा स्क्रू बदललेला असेल तर हरकत नाही, पण सगळेच तसे असतील तर आजोबांच्या काळाची गोष्ट ऐकून घ्यावी आणि भाव निम्मा करावा.

आता मुख्य मुद्दा. बार हे ओलं काम आहे. सांडणारच. आणि जुन्या लाकडावर बहुतेक वेळा लाखेचं पॉलिश असतं, ज्याला आपले कारागीर फ्रेंच पॉलिश किंवा स्पिरिट पॉलिश म्हणतात. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच लावतात. म्हणजे उद्या त्यावर व्हिस्की सांडली की ती पुन्हा विरघळू लागते. ज्या कामासाठी कपाट घेतलं, तेच काम त्याच्या वरच्या थराचा शत्रू. ग्लासच्या बुडाचा ठसा उमटतो, कागदी रुमाल चिकटतो. पॉलिश लाखेचं आहे का हे बघायचं असेल, तर खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा कापूस थोडा वेळ दाबून धरा. कापूस तपकिरी झाला आणि लाकूड चिकट लागलं, तर लाख.

यावर दुकानदाराचा उपाय ठरलेला. "साहेब, मशीन मारून मेलामाइन करून देतो, पन्नास वर्षं बघायला नको." कृपा करून हे करू देऊ नका. मशीनखाली लाकडाचा तो गडद, हाताळून आलेला रंग जातो. शिवाय या कपाटांवर अनेकदा व्हिनीयरचा पातळ पापुद्रा असतो, तो मशीनच्या एका फेऱ्यात फाटतो आणि खालचं साधं लाकूड उघडं पडतं. लाखेची गंमत अशी, की ती बिघडते पटकन आणि सुधारतेही पटकन. चांगला पॉलिशवाला कापडाच्या बोळ्याने त्याच थरावर नवा थर चढवतो आणि जुना त्यात मिसळून जातो. रोजच्या वापराला वर मापाची काच टाका, खाली फेल्टचे ठिपके लावा, म्हणजे हवा खेळती राहील. नाहीतर सरळ पितळी ट्रे ठेवा.

मग संगमरवर बरा, असं कुणी म्हणेल. इराण्याच्या हॉटेलातली टेबलं संगमरवरीच होती. खरं आहे. पण संगमरवराला लिंबू चालत नाही. लिंबाच्या आम्लाने त्याची चकाकी खाल्ली जाते. फेणीबरोबर लिंबू-सोडा घेणाऱ्या घरात हे ध्यानात ठेवावं.

रेडिओग्रामविषयी आकाशवाणीच्या माइकसमोर बसून बोलायचं म्हणजे अवघड. आतलं यंत्र आधीच कुणी काढून विकलेलं असेल, तर त्या खोक्याचा खुशाल बार करा. खोली आणि उंची बाटल्यांना छान जमते. पण व्हॉल्व्ह जागेवर असतील आणि तबकडी फिरत असेल, तर दोन बाटल्यांसाठी तो फाडू नका. पन्नासच्या दशकात काही जर्मन कंपन्या रेडिओ आणि बारचा कप्पा शेजारी-शेजारी असलेली कपाटं बनवत, म्हणजे दोघांचं एका घरात जमतं.

मापं मात्र घरून घेऊन जा. एक रिकामी ७५० मिलीची बाटलीही पिशवीत असू द्या. जुन्या कपाटाचा कप्पा बाटलीपेक्षा बोटभर कमी पडला, की सुतार फळी कापतो आणि तिथेच नुकसान सुरू होतं. बारचा कट्टा साधारण ४२ इंच उंच, त्याला ३० इंचांचं स्टूल लागतं. थोनेट पद्धतीच्या वाकवलेल्या लाकडाच्या इराणी खुर्च्या १८ इंचांच्या आसपास असतात. त्यांचे पाय वाढवू नयेत, त्यांच्यासाठी कपाटाशेजारी बुटकं टेबल ठेवावं.

उंच स्टुलं हवीच असतील तर मोडीत निघालेल्या जहाजांचा माल बघा. गुजरातेत अलंगच्या रस्त्यावर त्याच्या वखारी आहेत. जहाजावरच्या टेबलांना कधीकधी उचललेली कड असते, लाटेने ग्लास घरंगळू नये म्हणून. घरात लाट नसते, पण पाहुणे असतात. (मुंबईतही जहाजं मोडण्यासाठी दारूखाना प्रसिद्ध. नावावर जाऊ नका, तिथली दारू तोफेची होती.)

दोन-तीन धोक्याच्या गोष्टी. कपाटाखाली ताजी, पिठासारखी पूड पडलेली दिसली तर आत कीड जिवंत आहे. ते एक कपाट घरातल्या बाकीच्या लाकडाला लागण देईल. आतल्या दिव्याची रबरी वायर जुनी असेल तर हात लावण्याआधी बदलून घ्या, तिचं वेष्टन चुरा होऊन पडतं. आणि कपाटाबरोबर जड क्रिस्टलचं डिकँटर मिळालं, तर त्यात संध्याकाळपुरती दारू ओता, महिनोन् महिने साठवू नका. त्या काचेत शिसं असतं आणि ते हळूहळू दारूत उतरतं.

राहता राहिला एक कप्पा, कुलूपवाला. जुन्या कपाटात तो बहुधा असतोच आणि त्यात काय ठेवायचं असं लोक विचारतात. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला आजही परवाना लागतो. तो तिथे ठेवा.