शेजारधर्म आणि समेट

(तुंगार्ली येथील ज्युबिली समारंभांत झालेलें भाषण)



प्राचीन इस्राएलांत ज्युबिलीच्या वर्षीं दासांस मुक्त करावें व गमावलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी, असा नियम होता. म्हणजे ज्युबिली हें नुसतें उत्सवाचें नव्हे, तर तुटलेले संबंध जोडण्याचेंहि पर्व होय. म्हणूनच आज समेटाविषयीं चार शब्द बोलणें उचित वाटतें.

१८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली आणि लोणावळ्यास नाना प्रांतांचे, नाना धर्मांचे लोक येऊन राहिले. आपल्या तुंगार्लींतहि मूळचे मावळे, बंगलेवाले, माळी, रखवालदार व दुकानदार शेजारीं शेजारीं नांदतात. जेथें इतकीं भांडीं, तेथें आवाज होणारच. तो वेळींच थांबतो कीं नाहीं, एवढाच प्रश्न.

भिवंडीचें उदाहरण घ्या. यंत्रमागांच्या ह्या शहरीं १९७० व १९८४ सालीं हिंदु-मुसलमानांचे भीषण दंगे झाले. १९८८ पासून पोलीस उपायुक्त श्री. सुरेश खोपडे यांनीं तेथें मोहल्ला समित्या स्थापिल्या. दोन्ही धर्मांचीं साधीं माणसें पोलिसांसह एकत्र बसूं लागलीं. क्षुल्लक तंटे क्षुल्लक असतांनाच मिटूं लागले. १९९२ च्या डिसेंबरांत व १९९३ च्या जानेवारींत मुंबईंत सुमारें ९०० माणसें प्राणांस मुकलीं. भिवंडी मात्र शांत राहिली. पुढें मुंबईंतहि हें कार्य उभें राहिलें, व त्यांत श्रीमती सुशोभा बर्वे आणि आयुक्त श्री. सतीश साहनी यांच्याबरोबर आपले धर्मबंधु श्री. ज्युलिओ रिबेरो हेहि अग्रभागीं होते.

ह्यावरून बोध काय? आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाहीं. ओळख आधीं हवी. प्रभूनेंहि हाच क्रम सांगितला आहे: अपराधी बंधूस प्रथम एकांतांत भेटावें, मग एकदोघांस बरोबर न्यावें, आणि त्यानंतरच मंडळीस कळवावें. आपण मात्र पुष्कळदां चावडीपासून आरंभ करितों!

तथापि समेट म्हणजे अन्यायावर पांघरूण नव्हे. १५ ऑगस्ट २००७ रोजीं महाराष्ट्रांत तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. बक्षिसासाठीं दुर्बळाचें तोंड बंद करून गांव तंटामुक्त ठरविलें, तर ती शांति नव्हे. जो गरीब आहे, त्याचें म्हणणें आधीं ऐकावें. आणि अत्याचार झाला असेल तेथें कायद्याचीच वाट धरावी.

आपण संख्येनें थोडे आहों, म्हणून बाजूस राहणें योग्य नव्हे. मीठ थोडेंच असतें. पाण्याचा, रस्त्याचा वा मिरवणुकीचा वाद निघाला, तर दोन्ही घरीं जातां येईल असा एक तरी मनुष्य आपणांपैकीं असावा. तसा तो होण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.