चाकांवरचे स्वावलंबन : अपंगांच्या वाहनासाठी अर्थसाहाय्य कोठे मिळते?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



अपंगांना साहित्य देण्याची परंपरा आपल्या समाजात जुनी आहे. १९७५ साली श्री. डी. आर. मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि रामचंद्र शर्मा व डॉ. पी. के. सेठी यांनी सिद्ध केलेला 'जयपूर फूट' गरिबांच्या दारापर्यंत पोहोचला. त्या पायावर उभा राहिलेला माणूस घराचा उंबरठा ओलांडून बाहेर आला, हे कार्य थोर होय. परंतु उंबरठा ओलांडणे आणि दहा किलोमीटरवरील पेढीवर रोज वेळेवर पोहोचणे यांत बरेच अंतर आहे. आजचा विषय त्या अंतराचा आहे.

तालुक्याच्या गावी कापडाचे लहानसे दुकान चालविणारा, बालपणी पोलिओने एक पाय दुर्बल झालेला एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. हिशेबात तो चोख असतो, गिऱ्हाइकाशी बोलण्यात गोड असतो. पण दुकानाचे कुलूप उघडण्याची वेळ त्याच्या हाती नसते. ती पुतण्याच्या कॉलेजवर किंवा रिक्षावाल्याच्या मर्जीवर ठरते. रिक्षाला जाण्यायेण्याचे रोज १०० रुपये धरले, तर वर्षाच्या ३०० दिवसांचे ३०,००० रुपये होतात. स्कूटरला बाजूची चाके बसविण्याचा खर्च साधारणपणे याहून अधिक नसतो. म्हणजे न केलेला खर्च तो दरवर्षी करीत असतो! व्यापारी मनुष्यास हे गणित समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र एकरकमी पैसा हाताशी नसतो, आणि तो कोठे मागावा हे ठाऊक नसते.

वाहन अनुकूल करून घेणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. कारण गरजेपेक्षा महाग वस्तू गळ्यात मारली जाण्याचा धोका येथेही आहे. ज्याचा डावा पाय अधू आहे, त्यास आपोआप गिअर बदलणारी मोटार बहुधा कोणत्याही फेरफाराशिवाय चालविता येते. तीत क्लच नसतो आणि काम उजव्या पायाचेच असते. उजवा पाय अधू असल्यास ॲक्सिलरेटर डावीकडे घ्यावा लागतो, आणि दोन्ही पाय निकामी असल्यास ब्रेक व ॲक्सिलरेटर हाताने चालविण्याची दांडी बसवावी लागते. दुचाकीस मागे दोन जादा चाके जोडतात. मद्रास आयआयटीतील संशोधनातून चाकांच्या खुर्चीला पुढून जोडावयाचे विजेवरील यंत्रही आता उपलब्ध झाले आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने ते रस्त्यावर धावते. जोडणीचा संच घेताना तो पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेने तपासलेला आहे ना, एवढे विचारून घ्यावे. गल्लीतल्या वेल्डरने जोडून दिलेले चाक स्वस्त पडते, परंतु ते परिवहन कार्यालयाच्या दारात अडते.

कायद्याची बाजू आज पूर्वीपेक्षा भक्कम आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'इनव्हॅलिड कॅरेज' असा बोचणारा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीने त्याजागी 'अनुकूलित वाहन' ही संज्ञा आली. शारीरिक दोषामुळे सर्वसाधारण परवाना नाकारला गेला, तरी अर्जदार चालविण्यास समर्थ असेल तर अनुकूलित वाहनापुरता परवाना देण्याची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४१ वे कलम तर स्पष्टच म्हणते की, अशा व्यक्तींच्या प्रवासासाठी सवलती आणि वाहनातील फेरफार यांच्या योजना शासनाने आखाव्यात. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' शब्द आला, कलम आले. परंतु फक्त फेरफारासाठी म्हणून थेट अनुदान देणारी सोपी, सर्वांना खुली योजना अद्याप हाताशी लागत नाही, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून पैसा चार ठिकाणांहून गोळा करावा लागतो.

पहिले ठिकाण कराचे. छोट्या मोटारीवर पूर्वी २८ टक्के वस्तू व सेवा कर असे आणि ४० टक्के वा अधिक अस्थिव्यंग असलेल्यास अवजड उद्योग मंत्रालयाच्या दाखल्यावर तो १८ टक्के होई. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींचा दर सर्वांसाठीच १८ टक्के झाला. सर्वांचा लाभ झाला हे उत्तम. परंतु अपंगास मिळणारा वेगळा दिलासा त्यात विरून गेला, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. जुनी माहिती ऐकून त्या दाखल्यामागे महिनोन् महिने धावण्यात आता अर्थ नाही. वाहनात बसवावयाच्या फेरफार-संचावरील कर मात्र सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी परिषदेने ५ टक्के ठरविला. विक्रेत्याच्या बिलात कोणता दर लावला आहे, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

त्यापुढची बचत नोंदणीवर अवलंबून आहे. ऑक्टोबर २०२० च्या नियमदुरुस्तीने नोंदणीच्या अर्जात मालकीचा प्रकार 'दिव्यांगजन' असा लिहिण्याची सोय झाली. ही नोंद नसेल तर पुढचे काहीच हाती लागत नाही. राष्ट्रीय महामार्गावरील पथकराची माफी २००८ च्या नियमांनी अपंगांसाठी खास बनविलेल्या वाहनास दिली आहे. परंतु नाक्यावरील मनुष्य नोंदणीपुस्तक पाहतो, माणसाचा पाय पाहत नाही. राज्याच्या वाहनकरातील माफीही परिवहन कार्यालयात याच नोंदीच्या आधारे मागावी लागते. विमा कंपनीस फेरफार कळविणे तर अत्यावश्यक. पुस्तकात नोंद असल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात सवलत मागता येते, आणि फेरफार लपविल्यास अपघातानंतर दावा अडकण्याची भीती राहते.

दुसरे ठिकाण कर्जाचे. केंद्र शासनाने १९९७ साली स्थापन केलेले राष्ट्रीय महामंडळ आता राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळ या नावाने ओळखले जाते. रोजगार वा व्यवसाय वाढावा म्हणून वाहनात करून घ्यावयाचा फेरफार हादेखील त्याच्या कर्जाचा एक हेतू आहे, आणि व्याज बाजारापेक्षा कमी असते. महाराष्ट्रात यासाठी राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे जावे लागते. फिरत्या वाहनावरील दुकानाची, विजेवर चालणाऱ्या गाडीची योजनाही याच महामंडळाने राबविली आहे. दुकानापर्यंत जाणे कठीण असेल तर दुकानच चाकांवर घेण्याची ही कल्पना व्यापारी घरांतील तरुणांनी जरूर विचारात घ्यावी.

तिसरे ठिकाण अगदी घराजवळचे, आणि बहुतेकांच्या ध्यानात न येणारे आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावा, असे राज्य शासनाचे आदेश आहेत. या निधीतून तीनचाकी वाहन किंवा त्यासाठी अर्थसाहाय्य मागता येते. मागणी आली नाही तर मार्चअखेर तो निधी कोठेतरी घाईने खर्ची पडतो. अर्ज आर्थिक वर्षाच्या आरंभीच द्यावा. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून, १९८१ पासून, साहित्य मिळते. उत्पन्नाच्या एका मर्यादेपर्यंत पूर्ण, त्यावर निम्मे. तीव्र अपंगत्व असलेल्यांना बॅटरीवरील तीनचाकी याच योजनेतून देतात.

प्राप्तिकराचा उल्लेख ओघाने करावयाचा. जुनी करपद्धत निवडणाऱ्यास ४० टक्के अपंगत्वासाठी ७५,००० आणि ८० टक्क्यांवर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठीही तेवढीच. हा हाती येणारा पैसा नसला तरी कर्जाच्या हप्त्यास हातभार लागतो.

चौथे ठिकाण धर्मादाय संस्था. येथे थोडे कटू बोलणे भाग आहे. तीनचाकी सायकलींचे वाटप मंडपात होते, छायाचित्रे निघतात, फीत कापली जाते. बाजूच्या चाकांचे, हाताच्या ब्रेकचे, नोंदणीशुल्काचे पैसे देण्यात तसा समारंभ होत नाही. म्हणून ते कोणी देत नाही. शासनाने ज्यास स्कूटर दिली, त्याची स्कूटर काही हजारांच्या जोडणीअभावी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहते. ट्रस्टला अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर आणता येतील. त्यासाठी बिनव्याजी फिरता निधी ठेवावा, रक्कम थेट जोडणी करणाऱ्याच्या नावे धनादेशाने द्यावी आणि परतफेडीचे हप्ते गृहस्थाच्या धंद्याच्या हंगामानुसार ठरवावेत. दिवाळी आणि लग्नसराईत जो फेडू शकतो, त्यास आषाढात तगादा लावू नये. दान घेताना ज्याची मान खाली जाते, तोच मनुष्य हप्ता फेडताना ताठ मानेने पेढीवर येतो.

शेवटी कागदांचा क्रम, कारण बहुतेक अर्ज येथेच फसतात. प्रथम दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र काढावे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आता त्याच संकेतस्थळावरून मिळते. त्यानंतर शिकाऊ परवाना. मग जोडणी करणाऱ्याकडून दरपत्रक घ्यावे आणि ते जोडून अर्ज करावा. गाडी आधी विकत घेऊन मग साहाय्य मागणाऱ्यास बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागते, कारण मंजुरी खरेदीपूर्वीची मागतात. मंजुरीनंतर जोडणी, त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी व नोंद आणि त्याच आठवड्यात विमा कंपनीस पत्र. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून लागतो आणि त्यास मुदत असते. तो अर्ज देण्याच्या सुमारासच काढावा. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि अर्ज देताना आवक क्रमांक लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.