जपानी व्हिस्कीची टंचाई

जपानी व्हिस्कीला जगभर मागणी आली ती पुरस्कारांमुळे, असं सर्रास म्हटलं जातं. 2001 मध्ये जपानमधल्या योइची कारखान्याच्या दहा वर्षं मुरलेल्या व्हिस्कीला व्हिस्की मॅगझिनचा सर्वोच्च मान मिळाला, हे खरंच. पण जपानी व्हिस्कीचा दबदबा वाढवला तो टंचाईनं. 1983 नंतर जपानमध्येच व्हिस्कीचा खप घसरत गेला, तसं उत्पादनही आटलं. आणि बारा वर्षं मुरवायची वस्तू काही मागणी आल्यावर बनवता येत नाही! तिकडे सोडा घातलेल्या हायबॉलनं जपानी तरुणांना पुन्हा व्हिस्कीकडे वळवलं, इकडे परदेशातून मागणी वाढली, आणि पिंपं अपुरी पडली. 2018 मध्ये ‘हिबिकी 17’ या सतरा वर्षं मुरलेल्या जपानी व्हिस्कीची विक्री थांबवावी लागली.

मग हा नुसता दुर्मीळतेचा फुगा का? तसंही नाही. स्कॉटलंडमध्ये कंपन्या मिश्रणासाठी एकमेकींची व्हिस्की वापरतात. जपानी प्रतिस्पर्ध्यांमध्ये ही देवाणघेवाण रुजली नाही. त्यामुळे एकाच कारखान्यात निरनिराळ्या आकाराच्या भट्ट्या आणि शेरीच्या, बर्बनच्या, जपानी मिझुनारा ओकच्या पिंपांतून चवींचं वैविध्य घडवावं लागलं. दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे: आयात केलेली व्हिस्कीही ‘जपानी’ म्हणून विकली जात होती. 2021 मध्ये उत्पादकांच्या संघटनेनं आपल्या सदस्यांसाठी नियम केला: पाणी जपानचं, ऊर्ध्वपातन जपानमध्ये आणि किमान तीन वर्षं मुरवणंही तिथंच. तो देशाचा कायदा नाही. त्यामुळे बाटलीवरचं लेबल नीट वाचलेलं बरं.