नाण्याचा दाखला केव्हाचा?

श्रोतेहो, नाणे कोणत्या साली पाडले ते बहुधा नाण्यावरच लिहिलेले असते. आज आपल्याला शोधायचे आहे ते निराळेच साल. पारखणाऱ्याने त्या नाण्याला गुण केव्हा दिले, ते साल. हा हौशी लोकांचा उद्योग, असे कोणाला वाटेल. पण गावोगावी आजीच्या गाठोड्यात एखादा राणीछाप रुपया असतोच. आणि बाजारात असेच रुपये हल्ली प्लॅस्टिकच्या बंद डबीत, गुणांची चिठ्ठी लावून विकायला येतात. ती चिठ्ठी आपल्याला वाचता आली पाहिजे.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० गुणांची मोजपट्टी सुचवली. पुढे ती इतर नाण्यांनाही लागू झाली. अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ मध्ये नाणे खरे की खोटे ह्याचे दाखले द्यायला सुरुवात केली. १९७९ पासून गुणही देऊ लागले. पण तो दाखला छायाचित्राचा, आणि नाणे सुटेच. दाखला एका नाण्याचा नि विकायचे दुसरेच, असे करायला वाव राही. तेव्हा १९८६ मध्ये पी.सी.जी.एस. आणि १९८७ मध्ये एन.जी.सी. ह्या संस्था नाणे चिठ्ठीसह डबीतच बंद करून देऊ लागल्या.

आता गंमत पाहा. चिठ्ठीवर नाण्याचे साल असते, गुण असतात, क्रमांक असतो. तपासणीची तारीख मात्र सहसा नसते. तारखेवाचून काय अडते? शेतकरी बंधूंनी माती-परीक्षणाचा अहवाल आठवावा. दहा वर्षांपूर्वीचा अहवाल आजच्या जमिनीविषयी कितीसे सांगणार? तांब्याचे नाणे डबीत असूनही काळवंडू शकते. शिक्षकांना तर सांगायलाच नको. उत्तरपत्रिका तीच, पण परीक्षक बदलला की गुण बदलतात. सुरुवातीचे परीक्षक हात आखडून गुण देत, असे पुष्कळ संग्राहक मानतात आणि जुन्या डबीतल्या नाण्याला जास्त पैसे मोजतात.

मग तारीख काढायची कशी? शेताची हद्द जशी दोन्ही बाजूंनी कायम करतात, तशी. एक हद्द 'ह्याच्या आधीचे नाही' अशी, दुसरी 'ह्याच्या नंतरचे नाही' अशी.

प्रथम डबी पाहावी. पी.सी.जी.एस.ची १९८६ ते १९८९ ह्या काळातली डबी हलवली की आत खुळखुळ वाजते. संग्राहक तिला 'रॅटलर'च म्हणतात. त्यानंतर सुमारे १९९८ पर्यंत चिठ्ठी हिरवट असे, पुढे निळी झाली. मग मजकूर पाहावा. गुणांपुढे अधिकचे चिन्ह देण्याची रीत दोन्ही संस्थांनी २०१० मध्ये सुरू केली. तेव्हा ते चिन्ह दिसले की गुण त्याआधीचे नाहीत, हे ठरले. दुसरी हद्द कागदपत्रांत सापडते. समजा, अधिक-चिन्हाचे हेच नाणे ह्याच क्रमांकाने २०१३ च्या एखाद्या लिलावाच्या यादीत छापलेले आहे. मग गुण २०१० ते २०१३ च्या दरम्यानचे, इतके नक्की सांगता येते.

एक सावधगिरी मात्र हवी. डबी तडकली तर संस्था ती बदलून देते. गुण जुनेच राहतात. म्हणून जुनी डबी हा भक्कम पुरावा. नवी डबी हा कच्चा पुरावा. आणि नाण्यावरच्या सालावरही डोळे झाकून विसंबू नये. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया तेच साल घालून १८७४ पर्यंत पाडला जात होता. मुंबईच्या टाकसाळीतल्या रुपयांवरचे ठिपके मोजून जाणकार त्याचे खरे वर्ष काढतात.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. डब्याही खोट्या निघतात. चिठ्ठीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा आणि तिथे छायाचित्र असेल तर ते हातातल्या नाण्याशी ताडून पाहावे. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, त्याआधी शुल्क भरा, असे सांगणारा भेटला तर सावध व्हा. आपल्या नावाने असे शुल्क मागितले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला होता. नांगरताना जुन्या नाण्यांचा हंडा लागला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे भाग आहे.

आणि घरातला राणीछाप रुपया चिंचेने घासून लख्ख करू नका. पारखणारे घासलेले नाणे ओळखतात आणि चिठ्ठीवर तसा शेरा मारतात. एकदा घासले गेलेले मूळचे पाणी कोणत्याही डबीत घातले तरी परत येत नाही.